मागच्या खोलीतली कोमट टाकी

शोभेच्या माशांच्या त्या दुकानात येणारी झाडून सगळी माणसं तिला वहिनी म्हणत. काउंटरवर बसणारा तिचा दीर तिला वहिनी म्हणायचा. त्याचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणू लागली, मग मासे पोचवणारा टेम्पोवाला, शेजारचा चष्मेवाला आणि शेवटी तिच्या बापाच्या वयाची माणसंसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट आपण सगळ्यांच्या घरातल्या झालो, असंच तिला वाटायचं. नावावाचून तिचं कधी काही अडलं नाही.

दुकान तिच्या सासऱ्यांनी काढलं होतं. पुढे रस्त्याच्या बाजूला काचेच्या टाक्यांच्या दोन भिंती, मधे काउंटर, काउंटरमागे रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि खाद्याचे डबे. तिथून एक पायरी उतरलं की बिनखिडकीची मागची खोली. गिऱ्हाइकाला तिकडे मज्जाव. लोखंडी मांडणीवर चार-पाच उघड्याबोडक्या टाक्या, बादल्या, पाणी ओढायची नळी, आणि हवेच्या पंपाची कायमची घरघर. नवा माल आला की आधी इथं उतरायचा, आजारी पडलेला मासाही इथंच यायचा. वहिनींचा जन्म ह्या खोलीत गेला म्हणायला हरकत नाही. त्यांची बोटं कायम सुरकुतलेली आणि बाही कायम कोपरापर्यंत ओली.

सासऱ्यांनी आधी मुलांना शिकवून पाहिलं होतं. थोरला, म्हणजे वहिनींचा नवरा, स्वभावाने गरीब. बिलं नीट लिहायचा, पण पाण्यात हात घालायचा म्हटलं की त्याला शिंका यायच्या. धाकट्याचं तोंड गोड आणि हात आखडते. दोन मासे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो उभ्या उभ्या दहा मासे आणि वर दगडी किल्ला विकायचा. राहिली सून. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मासा म्हणजे शेपूट आणि डोळा एवढंच माहीत होतं. पण सासऱ्यांना कोणी तरी ऐकणारं हवं होतं आणि तिला कोणी तरी बोलणारं.

पांढऱ्या ठिपक्यांचा आजार तिला त्यांनीच समजावून सांगितला. टाकीपुढे दोघं उकिडवे बसले होते. माशाच्या अंगावर कुणी बारीक मीठ भुरभुरावं तसे दाणे दिसत होते, आणि मासा दगडाला अंग घासत होता.

"हा दाणा दिसतो ना, तो किडा आहे," सासरे म्हणाले. "कातडीखाली जेवायला बसलाय. तो आत आहे तोवर त्याला कोणी हात लावू शकत नाही. औषधसुद्धा नाही. जेवण झालं की तो उठतो, तळाशी जाऊन पडतो, तिथं फुटतो आणि एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं मग नवा मासा शोधत पाण्यात भटकतात. मारायचं ते त्यांना, तेवढ्या वेळात."

"मग पाणी ऊन कशाला करायचं?"

"थंड पाण्यात तो निवांत जेवतो. ऊन पाण्यात त्याला घाई होते. सगळं आयुष्य भरभर उरकतो आणि लवकर बाहेर पडतो. आणि पाणी तीस अंशांच्या घरात गेलं की त्या पिल्लांना तग धरवत नाही. औषधाच्या बाटलीपेक्षा हे बरं. मात्र पाणी हळूहळू तापवायचं. मासा आहे, चहा नव्हे."

"आणि ठिपके गेले की झालं?"

"तिथंच तर माणूस फसतो!" सासरे खुशीत येऊन म्हणाले. "ठिपके गेले म्हणजे किडे माशावरून उतरले. टाकीत ते आहेतच. मासा दिसतो एकदम लखलखीत, आणि आजार असतो ऐन भरात. त्यानंतरही पाणी बरेच दिवस ऊनच ठेवायचं आणि त्या टाकीतला मासा कोणी देव मागायला आला तरी द्यायचा नाही."

सासरे गेले. दुकान दोघा भावांच्या नावावर झालं आणि मागची खोली, कोणी न सांगता, वहिनींकडे राहिली. मुलगी मोठी होऊन नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. वहिनींचे केस पिकले. धाकटा जाहिराती करू लागला, थोरला बिलं लिहीत राहिला. बरं चाललं होतं.

त्या वर्षी थंडी कडक पडली. काळ्या मॉली माशांचा मोठा माल आला तो वाटेत कुठल्याशा गोदामात गारठून आला होता. पिशव्या हाताला बर्फासारख्या लागत होत्या. दुसऱ्याच दिवशी ठिपके दिसू लागले. काळ्याभोर अंगावर ते असे उठून दिसत, की दारातून जाणाऱ्यालाही कळावं. वहिनींनी सगळ्या मॉली मागच्या मोठ्या टाकीत घेतल्या. हीटर लावला, सकाळ-दुपार-संध्याकाळ थर्मामीटरचा काटा बघत पाणी थोडं थोडं चढवलं. ऊन पाण्यात हवा कमी राहते म्हणून हवेची आणखी एक नळी सोडली. तळाची घाण रोज ओढून काढली, कारण किड्यांची अंथरुणं तिथंच पडलेली असतात. पहिले दोन-तीन दिवस ठिपके वाढले. धाकटा डोकावून म्हणाला, "वहिनी, शिजवताय का त्यांना?"

"शिजवायचे असते तर भाऊजी, तुम्हाला आधी विचारलं असतं मीठ किती टाकू."

तो हसला, तीही हसली. असं त्यांचं बरं होतं तोवर.

मग ठिपके गेले. एके सकाळी सगळ्या टाकीत एकही दाणा दिसेना. नेमका त्याच दिवशी तिच्या भावाच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा निरोप आला. भावाला दुसरं कोणी नव्हतं, जाणं भाग होतं. पिशवी खांद्याला लावून ती काउंटरपाशी उभी राहिली. दोघंही भाऊ तिथंच होते.

"भाऊजी, मॉलींचे डाग गेलेत, पण आजार गेलेला नाही. मी येईपर्यंत त्या टाकीतला एक मासा बाहेर काढायचा नाही. हीटर बंद करायचा नाही."

"बरं बाई."

"बरं बाई नाही. नीट ऐका." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, ऐकलंत ना? तुम्ही लक्ष ठेवा."

"ऐकलं गं, ऐकलं," नवरा बिलावरून मान न उचलता म्हणाला. "बहिरा नाही मी."

ती परत आली ती स्टँडवरून थेट दुकानातच. मागच्या खोलीत गेली तर मोठी टाकी रिकामी. पाणी गार. हीटरची वायर गुंडाळून वर ठेवलेली.

"मॉली कुठायत?"

"गेल्या!" धाकटा पुढून ओरडला. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "एका शनिवारात सगळ्या गेल्या, वहिनी. काय चकाकत होत्या! लोक भांडत होते त्यांच्यावर."

वहिनी पायरीवरच बसल्या. "कुणाकुणाला दिल्या?"

"आता ते काय लक्षात राहतंय? गिऱ्हाईक येतं, घेतं, जातं."

"मी सांगून गेले होते ना हो."

"सांगितलं होतंत. पण डाग कुठं होते? एक डाग दाखवा म्हणालो असतो तर दाखवला असतात का?" तो जवळ आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही फार मनाला लावून घेता. मासे आहेत ते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पेनात रिफिल घालत होता. ते काम त्याने फार मन लावून केलं.

थोड्याच दिवसांत नकाशेवाले आले. सरकारी कचेरीत नकाशे काढून रिटायर झालेले हे गृहस्थ दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. सासऱ्यांच्या हातून त्यांनी पहिली टाकी घेतली होती. त्यांची बायको कंबरेपासून लुळी पडून होती. पलंगासमोर त्यांनी ती टाकी लावली होती, आणि त्या टाकीत एंजल माशांची एक जुनी जोडी होती. पसरलेल्या तळहाताएवढे झालेले, शिडासारख्या पंखांचे. बाई दिवसभर तेच बघत. नकाशेवाले कधी मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत. त्यांनी एक पिशवी काउंटरवर ठेवली. आत मेलेल्या मॉली होत्या आणि एक कुहुली, तळाशी वळवळणारा तो सापासारखा मासा, तोही आडवा.

"एंजललाही लागलंय," ते म्हणाले. "दोघांनाही. सगळ्या अंगावर. आम्ही नवा मासा आणून टाकीत सोडला एवढंच केलं. तुमच्याकडचा म्हणून वेगळा ठेवला नाही. तुमच्याकडचा म्हणून."

दुकानात त्या वेळी एका मोठ्या हॉटेलचा मॅनेजर आला होता. हॉटेलच्या दर्शनी दालनात भिंतभर टाकी बसवायची होती, आणि धाकटा सकाळपासून त्याला चहा पाजत होता. मॅनेजरने पिशवीकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

धाकट्याचा चेहरा क्षणभर पडला. मग तो चटकन सावरला. "अरेरे! साहेब, असं व्हायला नको होतं. आजारी माशांचं सगळं वहिनीच बघतात, त्यांनी हिरवा कंदील दाखवल्याशिवाय आम्ही मासा बाहेर काढत नाही."

वहिनी पायरीवर उभ्या होत्या. हातात जाळी होती, जाळीतून पाणी ठिबकत होतं.

"मी नको म्हणून गेले होते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "ह्या दोघांना सांगून गेले होते. ह्यांना विचारा."

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. नकाशेवाल्यांनी, मॅनेजरने, धाकट्याने. थोरल्याने आधी भावाकडे पाहिलं, मग मॅनेजरच्या अर्ध्या राहिलेल्या चहाकडे. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आयुष्यात त्याने फारसं खरंही बोलून पाहिलं नव्हतं. तो हसला, म्हणजे ओठ ताणले, आणि हळू आवाजात, आजारी माणसाविषयी बोलतात तसं म्हणाला,

"हल्ली तिला आठवत नाही नीट. वय झालं. विसरते."

नकाशेवाल्यांच्या चेहऱ्यावरचा राग विरघळून तिथं दया आली, आणि ती दया वहिनींना कानाखाली बसल्यासारखी लागली. मॅनेजरने मान हलवली. त्याच्याही आईचं असंच झालं होतं, असं काहीसं तो म्हणाला. आणि त्याने कप पुन्हा उचलला.

वहिनी काय म्हणणार? मी विसरले नाही, असं विसरभोळं माणूसही म्हणतंच. जितकं जोरात म्हणावं तितकं विसरणंच खरं ठरत जातं. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी एक रिकामी टाकी आतून घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या नकाशेवाल्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर पिशवी, पिशवीत दोन हीटर, हवेचा पंप, नळी.

"मासे वाचवता येतील," त्या म्हणाल्या. "करून बघू द्या."

नकाशेवाल्यांनी दार पूर्ण उघडलं नाही. "तुम्ही कशाला तसदी घेता वहिनी? तुमची तब्येत..."

"येऊ द्या त्यांना," आतून आवाज आला. जड, शब्दाशब्दाला थांबणारा.

खोली लहान आणि गार होती. पलंगावर बाई उशांना टेकवून बसवल्यासारख्या होत्या. समोर टाकी. दोन्ही एंजल वरच्या कोपऱ्यात एकमेकांना खेटून धापा टाकत होते, पंख मिटलेले, अंग पिठात लोळल्यासारखं. वहिनींनी दोन्ही हीटर लावले, टाकीच्या तीन बाजूंना जुनी रजई गुंडाळली, समोरची काच बाईंसाठी मोकळी ठेवली. मग रोज जाऊ लागल्या. तळ साफ करायचा, गेलं तेवढं पाणी त्याच उबेचं करून भरायचं, काटा बघायचा.

नकाशेवाले वाईट माणूस नव्हते. पण वहिनी हात धुऊन निघाल्या की ते मागून येत आणि प्लग पुन्हा तपासत. "चालू राहिला ना? नाही, सहज बघतो." काट्यावरचा जो आकडा त्या वाचत, तोच ते परत वाचत. एकदा तर वहिनींची चप्पल दारात होती ती त्यांनी उचलून समोर आणून ठेवली. "ही तुमची." वहिनींना त्या दिवशी घरी पोचेपर्यंत रस्ता दिसला नाही.

एकदा ते औषधं आणायला बाहेर गेले असताना पलंगावरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही खरंच विसरता?"

"नाही."

"मग ते असं का म्हणाले?"

वहिनींनी नळी तोंडाशी धरून पाणी ओढलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण ते उच्चारलं की परक्या खोलीत स्वतःच्या नवऱ्याला उघडं पाडल्यासारखं होणार होतं. ती सवय त्यांना नव्हती.

"माझं बोलणं फक्त हळू झालंय," बाई म्हणाल्या. "पण आमचे हे आल्यागेल्याला माझ्यासमोर सांगतात, हिला आता काही कळत नाही. मी एकदा म्हणाले, कळतं. तर ते पाहुणीला म्हणाले, बघा, मधेच असं काहीतरी बोलते." त्या हसल्या. अर्धाच चेहरा हसला.

दोन एंजलपैकी मादी गेली. नर वाचला. त्याच्या अंगावरचे दाणे झडले, पंख उघडले, तो खायला लागला. त्यानंतरही वहिनींनी पाणी बरेच दिवस उतरू दिलं नाही. शेवटी उतरवलं तेही चढवलं होतं तसं हळूहळू. नकाशेवाल्यांनी हात जोडले. पण पुन्हा त्या दुकानात ते आले नाहीत. माशांचं खाद्यही ते दूरच्या दुसऱ्या दुकानातून आणू लागले. एकटा नर टाकीत ह्या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहायचा आणि बाई त्याच्याकडे बघत राहायच्या. ते बघवत नाही म्हणून वहिनींनीही तिकडे जाणं कमी केलं.

इकडे दुकानात ‘विसरते’ हा शब्द राहायलाच आला होता. हॉटेलचं काम मिळालं, टाकी बसली, तिचा फोटो काउंटरवर लागला. आणि धाकट्याला एक नामी हत्यार सापडलं. कुणाला जुनं खाद्य गेलं, "वहिनींनी दिलं असेल." कुणाचा पंप महिनाभरात बंद पडला, "वहिनींनी तपासायचा राहिला असेल, हल्ली त्यांचं असं होतं." तो वाईट हेतूने बोले असंही नाही. तोंडवळणी पडलं होतं. गिऱ्हाइकंही तक्रार गिळून, "असू दे, असू दे" म्हणत आणि वहिनींशी जरा मोठ्याने, जरा सावकाश बोलू लागत. चष्मेवाला तर रस्ता ओलांडताना त्यांचा दंड धरायचा.

मुलीचा फोन आला की पहिला प्रश्न, "आई, जेवलीस?" हा असायचा. आता तो "आई, गॅस बंद केलास?" असा झाला. वहिनींनी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" तर मुलगी म्हणाली, "बाबा काळजी करतात तुझी." काळजी! वहिनींना हसू आलं, आणि मुलीने फोनवर ते हसणंही बहुधा लक्षणातच धरलं, कारण पुढच्या आठवड्यात ती स्वतः आली आणि आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टर तरुण होती, नम्र होती. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात काढत जा, हे तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढून दाखवा. वहिनींनी सगळं केलं. घड्याळात काटेही बरोबर काढले. तीन शब्द शेवटी विचारले तेव्हा त्यांनी ते सांगितले आणि वर म्हणाल्या, "आणखी हवेत का?"

"तुमची आई अगदी छान आहे," डॉक्टर मुलीला म्हणाली. हेही मुलीलाच.

घरी आल्यावर मुलीने बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ मान हलवत राहिले. संध्याकाळी धाकट्याचा फोन आला तेव्हा वहिनी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवऱ्याचा आवाज त्यांनी ऐकला, "हो, दाखवलं. डॉक्टर म्हणाली, सध्या तरी ठीक आहे."

सध्या तरी.

मुलगी परत गेल्यावर वहिनींनी नवऱ्याला समोर बसवलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला असं समोर बसवायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती.

"त्या दिवशी दुकानात तुम्ही असं का म्हणालात?"

त्याला कोणता दिवस ते लगेच कळलं. हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "मग काय म्हणणार होतो? धाकट्याला लोकांसमोर खोटं पाडू? तो मॅनेजर उठून गेला असता."

"म्हणून मला वेडी ठरवलंत?"

"वेडी कोण म्हणालं? विसरते म्हणालो. त्यात काय एवढं? ह्या वयात सगळेच विसरतात. तू मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं." आणि मग, अगदी मनापासून, "तू समजून घेशील असं वाटलं होतं. तू नेहमीच घेतेस."

वहिनी उठल्या. ह्यावर भांडताही येत नव्हतं. लाथ मारावी तर समोर भिंत असावी लागते. इथं नुसतं गादीसारखं मऊ.

त्या दुकानात जाईनाशा झाल्या. कुणी का म्हणून विचारलं नाही. धाकटा म्हणाला, "बरं झालं, आराम करू दे त्यांना." मागच्या खोलीतल्या टाक्या त्याने काढल्या आणि तिथं खोकी रचली. एका थेंबात आजार बरा करणाऱ्या निळ्या औषधाच्या बाटल्या. त्यांवर चांगला फायदा सुटायचा. नवा माल आता सरळ पुढच्या टाक्यांत पडू लागला.

पुढच्या थंडीत व्हायचं तेच झालं. आधी एका टाकीत, मग जाळी सगळ्या टाक्यांत एकच फिरते म्हणून ओळीने सगळीकडे ठिपके आले. निळं औषध ओतलं, आणखी ओतलं. दुपारी नवरा घरी आला तो जेवायला बसेना. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"ऐक ना," तो म्हणाला. "ते पाणी किती तापवायचं असतं? आणि किती दिवस? धाकटा म्हणतोय एकदम चढवू का. तुला ठाऊक आहे ते."

वहिनी भाजी निवडत होत्या. आकडा त्यांच्या जिभेवर होता. सासऱ्यांचा आवाज कानात होता. हळूहळू चढवा, हवा वाढवा, तळ साफ करा, ठिपके गेले तरी थांबा. सगळं एका दमात सांगता आलं असतं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं होतं, तो चमकेल. चिडेल, नाहीतर ओशाळेल. निदान काही क्षण दोघंही एकमेकांकडे बघतील आणि जे आहे ते उघड्यावर येईल. पण तो जवळ आला, त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी आलं.

"असू दे," तो म्हणाला. "असू दे गं. तू त्रास करून घेऊ नकोस."

त्याला खरं वाटलं होतं. आपण सांगितलेलं खोटं त्याने इतकी वर्षं सांभाळलेल्या बिलांसारखं नीट घडी घालून मनात ठेवलं होतं, आणि आता ते त्याचं स्वतःचं झालं होतं.

तो गेला. वहिनींना आनंद झाला नाही. अर्धी भाजी निवडून झाली तेव्हा त्यांना ते मासे दिसू लागले. दगडाला अंग घासणारे, पृष्ठभागाशी तोंड काढणारे. त्यांनी कुणाचं काय केलं होतं? भाजी तशीच टाकून त्या चप्पल घालून निघाल्या. भरभर चालल्या, शेवटी शेवटी धावल्याच.

दुकानात पोचल्या तेव्हा काचेवर वाफ धरली होती. धाकट्याने एकदम चढवलं होतं. हवेचा पंप एकच चालू होता. एका टाकीतलं पाणी इतकं निळं होतं, की आत काय आहे ते दिसत नव्हतं. बाकीच्यांत मासे वर आले होते, पांढरी पोटं वर करून, ओळीने. धाकटा डोक्याला हात लावून काउंटरवर बसला होता. नवरा शेजारी उभा होता. कोणी मासे काढत नव्हतं. मेलेल्या माशाला हात कसा लावायचा हेच कुणाला माहीत नव्हतं.

वहिनींनी बाही वर सारली, जाळी घेतली आणि एकेक टाकी साफ करायला लागल्या. बादली भरली. दुसरी घेतली. जिवंत होते ते फार थोडे; गोल्डफिश तर आधीच गेले होते. दोन-चार गप्पी होते. ते त्यांनी एका भांड्यात काढले. कुणी त्यांना विचारलं नाही, आठवत नव्हतं तर आलात कशा? त्यांनीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवऱ्याने भावाकडे बघून मान हलवली असती.

त्यानंतर दुकानात जिवंत मासे येणं बंद झालं. आता तिथं पंप, दिवे, खडे आणि बाटल्या मिळतात, आणि हॉटेलसारख्या मोठ्या टाक्या बसवून मिळतात. मासे ज्याचे त्याने आणायचे. धंदा पूर्वीपेक्षा चांगला चालतो. थोरला अजून बिलं लिहितो. दुपारी घरी फोन करतो आणि बायकोला विचारतो, जेवलीस का, दार लावलंस का, गोळी घेतलीस का. वहिनींना गोळी कसलीही चालू नाही. पहिले काही दिवस त्या तसं सांगायच्या. आता त्या "घेतली" म्हणतात, फोन ठेवतात आणि हातातलं काम पुढे चालू ठेवतात.